चष्म्यातलं गाव

गुरुजींच्या दारासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे त्यांच्या मावसभावाचं घर. मोजून पंधरा पावलं. पण भावाकडे चहाला जायचं तर गुरुजी घरातून निघून डावीकडे वळायचे, पाण्याच्या टाकीपर्यंत चालायचे, तिथून मागच्या रस्त्याला लागून समाजमंदिराला वळसा घालायचे आणि भावाच्या घरात शिरायचे ते मागच्या दारानं. दहा मिनिटं मोडायची. ऊन असो, पाऊस असो, गुडघा सुजलेला असो, छत्री घेऊन त्याच वाटेनं.

कारण एवढंच, की जुन्या गावात भावाच्या घरी जायची वाट अशी होती. आधी विहीर, मग देऊळ, मग भावाचं परसदार. ते गाव धरणाच्या पाण्यात गेलं. त्याच्या बदल्यात आर्वीच्या बाजूला नवी वसाहत मिळाली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, प्रत्येक घराला नंबर. बाकीची माणसं वर्ष-दोन वर्षांत सरळ रस्त्यांना सरावली. गुरुजी तेवढे नसलेल्या गल्ल्यांतून चालत राहिले. भावाकडे नवी सून आली की तिला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवत, की मागच्या दारानं एक म्हातारा येईल, घाबरू नको, तो सासऱ्याचा भाऊ आहे.

"हे गाव नाई बेटा," ते मला म्हणाले होते, "हे गणिताच्या वहीचं पान हाय. एका चौकटीत एक माणूस."

ते गेले त्याला आता वर्ष होईल. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मनात आहे की त्यांच्याविषयी लिहावं. लिहायला बसलं की त्यांच्या गमतीजमती भराभर आठवतात, आणि एका गोष्टीपाशी येऊन हात थांबतो. आज ती गोष्टही लिहायचीच असं ठरवून बसले आहे.

आर्वीच्या शाळेत ते आम्हाला चित्रकला शिकवायचे. गावाहून रोज एसटीनं यायचे. चित्रकलेचा तास म्हणजे आमच्यासाठी डोंगर, सूर्य, दोन नारळाची झाडं. आर्वीत नारळ कोणी पाहिलाय! गुरुजींनी पहिल्याच दिवशी नारळ बंद केले. म्हणाले, "शाळेची घंटा काढा." सगळ्यांनी पितळेची गोल घंटा काढली, पुस्तकात असते तशी. त्यांनी एकेक वही पाहिली आणि सगळा वर्ग उठवून बाहेर नेला. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता, सायकलच्या साखळीनं टांगलेला. पाच वर्षं रोज आम्ही तिचा आवाज ऐकत होतो आणि एकालाही ती ठाऊक नव्हती.

"पाह्यलं नाई ते काढाचं नाई," गुरुजी म्हणाले. हे त्यांचं ब्रीदवाक्य. कुणी वाघ काढला की विचारायचे, "कुठं भेटला?" पोरं खिदळायची. मीही त्यातच होते, पण ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं, आणि पुढे पोटापाण्याला तेच कामी आलं.

पोटापाण्याला म्हणजे पुण्यात. संगणकावर घरं, रस्ते, झाडं उभी करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत मी नोकरीला लागले. तिथे एक मालिका आली. एका मराठी वाहिनीसाठीची विज्ञानकथा. पुढच्या काळात असा एक चष्मा निघतो, की तो घातला की माणूस धरणात बुडालेल्या आपल्या गावात जाऊन पोहोचतो. पेपरवाले याला आभासी वास्तव म्हणतात. नायिकेचा भाऊ असा चष्मा घालून आत जातो आणि परत येतच नाही. ती त्याला शोधत दर भागात गावाची एक आळी पालथी घालते. एकूण सव्वीस भाग ठरले होते. दिग्दर्शक तरुण, हुशार आणि जन्मात खेड्यात न राहिलेला. त्यानं विचारलं, "असं बुडालेलं गाव कुणी पाहिलंय का?" मी म्हटलं, "मी नाही. पण ज्याच्या डोक्यात ते अजून कोरडं आहे असा एक माणूस मला माहीत आहे."

आम्ही वसाहतीत गेलो. गुरुजींनी दिग्दर्शकाला आधी टाकीकडून, समाजमंदिराकडून फिरवून समोरच्या घरी नेलं, तिथे चहा पाजला, मग कागद काढले. आठ दिवस ते सांगत होते, काढत होते. कुणाच्या ओट्याला किती पायऱ्या. कुठल्या गोठ्याचं दार कुरकुरायचं. विहिरीच्या काठाला दोरानं पडलेल्या खाचा सात, त्यातली एक खोल, कारण एका पैलवानाचं घर तिथूनच पाणी ओढायचं. दिग्दर्शक वेडा झाला. त्याला हवं होतं त्याच्या दसपट मिळत होतं.

गावातल्या आळ्या कुठल्या क्रमानं दाखवायच्या, हा प्रश्न आला. गुरुजींनी क्षणभरही विचार केला नाही. "पोळ्याच्या रांगेनं," ते म्हणाले. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात, त्यात मानाची रांग असते. पहिली पाटलाची जोडी, मग त्यांची गल्ली, मग माळीपुरा, मग तेलीपुरा, अशी उतरत उतरत रांग शेवटी नाल्यापलीकडच्या टोल्यापर्यंत जाते. टोला म्हणजे गोंड कुटुंबांची वस्ती. दिग्दर्शकाला ही कल्पना इतकी आवडली, की त्यानं ती मुलाखतीत स्वतःची म्हणून सांगितली. गावात आळ्या नऊ, म्हणून टोला नवव्या भागात ठरला; पुढचे भाग शिवारातले होते. सगळ्या आळ्यांचे नकाशे आमच्या हाती पडले होते. टोल्याच्या जागी मात्र कागदाच्या कडेला एक गोल होता आणि आत लिहिलं होतं, 'टोला'. मी विचारलं, तर गुरुजी म्हणाले, "त्याले टाइम हाय." मलाही ते पटलं. नवव्या भागाला खरंच वेळ होता.

मालिका सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी सात वाजता सगळी वसाहत समाजमंदिरात टीव्हीपुढे. नायिका कोण, तिचा भाऊ कुठे, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. नायिका हंबरडा फोडत असायची आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "सरक ना वो बाई, मांगं आमचा गोठा हाय!" ज्याची आळी असेल त्याच्या घरी त्या दिवशी पुरणपोळी. पाटील वारले होते, पण त्यांची म्हातारी पहिल्या भागाला पुढे बसली होती. आपल्या घराची पायरी पडद्यावर दिसली तशी ती उठली आणि तिनं काचेला हात लावला. मी त्या दिवशी तिथे होते. आपण कामाचं काहीतरी केलं असं मला आयुष्यात तेव्हाच एकदा वाटलं.

तिसऱ्या भागानंतर मी स्टुडिओतला खराखुरा चष्मा घेऊन आले. लोकांनी रांग लावली. कुणी रडलं, कुणी भिंतीला आपटलं. गुरुजी सर्वांत शेवटी उठले. चष्मा लावून ते देवळाच्या भिंतीतून आरपार गेले, मागे वळून त्यांनी मान फिरवली आणि पेपर तपासावा तशा चुका सांगायला लागले. "देवळाची भिंत एक वीत पुढं आली. निंबाची खांदी इकडं नवती. हे कोंबडं कोणाचं हाय?" कोंबडं दिग्दर्शकानं घुसडलं होतं. गुरुजींनी ते काढायला लावलं.

फुलाबाई मला पहिल्यांदा दिसली ती या शनिवारांतच. टोल्यातली, कापूस वेचायला जाणारी, पन्नाशीची बाई. नवी वसाहत आखताना साहेबांनी काय केलं कोण जाणे, टोला पुन्हा नाल्यापलीकडेच पडला होता. तिथून ती चार-पाच बायांना घेऊन यायची, दाराशी चपला सोडल्या होत्या तिथेच बसायची. आपसात त्या आपल्या भाषेत बोलायच्या. भाग संपला की ती गुरुजींपुढे उभी राहायची.

"आमचा कवा, गुरुजी?"

"नवव्या भागात, फुलाबाई."

"ह्यो कितवा झाला?"

"चौथा."

"बरं. येतो मंग." आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

एकदा मी तिच्याबरोबर नाल्यापर्यंत चालत गेले. तिनं सांगितलं, की तिचं जुनं घर नवऱ्यानं हातानं बांधलं होतं. माती त्यानं तुडवली, लाकडी बल्ल्या त्यानं आणल्या, भिंती तिनं लिंपल्या. गाव उठलं त्याच वर्षी नवरा गेला. फोटो ना घराचा, ना त्याचा. "एक डाव घर पाहीन," ती म्हणाली. "त्याच्या हातचं दुसरं काई नाई माह्यापाशी."

आठवा भाग झाला आणि मालिका बंद पडली. आमच्या वसाहतीबाहेर ती कुणी पाहतच नव्हतं. नायिकेचा भाऊ सापडला नाही तो नाहीच. वाहिनीनं त्या वेळेला स्वयंपाकाची स्पर्धा लावली. मी गुरुजींना फोन केला.

"म्हंजे नववा नाई?"

"नाही गुरुजी. पण टोल्याचं मी करते. सुट्टीच्या दिवशी बसून करीन, मालिका नसली तरी चष्म्यात दिसेल. तुम्ही फक्त नकाशा पाठवा."

"पाठवतो," ते म्हणाले.

नकाशा आला नाही. फोन केला की कधी गुडघा दुखायचा, कधी कागद संपलेला असायचा, कधी "आठवून राह्यलो". विहिरीच्या खाचा मोजून सांगणारा माणूस! मला वाटलं, वय झालं. दिवाळीत त्यांचाच फोन आला, "आर्वीले आली का? मंग येजो इकडं."

मी गेले तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते. नेहमीसारखं पाणी विचारलं नाही, बस म्हणाले नाहीत.

"मले टोला येत नाई, बेटा."

"आठवत नाही?"

"आठवाले पाह्यला पाह्यजे ना. जलमलो त्या गावात, साठ वर्सं राह्यलो. टोल्यात एक डाव बी गेलो नाई. पोळ्याले त्याहीचे बैल दिसत, बाजारात बाया दिसत. पोरं माह्या एसटीत बसून शाळेत येत. पण नाला नाई ओलांडला. काऊन, ते मले सांगता येत नाई. कोणी मना तं केलं नवतं."

मी आपणच ओट्याच्या कडेला टेकले. ते थांबेनात.

"रांग पोळ्याचीच लावली. दुसरी रांग मले मालूमच नाई. पण खोटं कायले बोलू, टोला शेवटी हाय म्हणून बरंच वाटलं. म्हटलं, तवर काई सुचन. मंग तुहा फोन आला का बंद झाली. बेटा, मले हायसं वाटलं. ते बाई दर शनवारी चपलांत येऊन बसे, अन् मले हायसं वाटलं!"

मला आधी त्यांचा राग आला. शाळेपासून ज्या वाक्यावर मी जगले ते वाक्य सांगणारा माणूस हा, आणि यानंच पाहिलं नाही! मग तो कागदावरचा गोल आठवला. तो मीही पाहिला होता. तीस घरांच्या जागी एक गोल, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मग रागाची धार गेली. लाज वाटली, ती अजून आहे.

"चाल," गुरुजी उठत म्हणाले. "तिले सांगाचं हाय. एकट्याच्यानं होत नाई."

ते छत्री घेऊन रस्त्यावर आले आणि उभेच राहिले. वसाहतीतल्या प्रत्येक घरी जायची त्यांची एक जुनी वाट होती. टोल्याला जायची वाट त्यांच्या पायांत नव्हती. त्यांनी मला विचारलं, "इकडून कसं जाते?" मी समोर बोट केलं. ते सरळ रस्त्यानं चालायला लागले. मावसभाऊ आपल्या पुढच्या दारात उभे होते. गुरुजी नाकासमोर चालले आहेत हे पाहून त्यांच्या हातातला पेपर खाली आला.

फुलाबाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं खाट टाकली. गुरुजी बसले नाहीत.

"फुलाबाई, तुमचा टोला मले काढता येत नाई. मी कधी आलोच नाई तिथं."

"मालूम हाय," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"मालूम हाय? मंग दर शनवारी काऊन इचारत होत्या?"

"तुम्ही सांगता का नाई, ते पाहून राह्यली होती."

गुरुजींचा चेहरा मला बघवेना. बाजारच्या दिवशी हरवलेल्या लेकरासारखे दिसत होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आता आलो ना, बाई."

"आता कुठं येता गुरुजी? आता घर पाण्यात हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. गुरुजी खाटेच्या कडेला टेकले आणि छत्री पायांत धरून खाली पाहत राहिले. तूर पाखडून झाली, तिनं ती टोपल्यात भरली, हात झटकले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"कागद आणला का?"

कागद त्यांच्या खिशात कायम असायचा.

"लिवा मंग. मी सांगतो, तुम्ही काढा. दार उगवतीकडं."

त्या हिवाळ्यात गुरुजी रोज सकाळी टोल्यात जात. फुलाबाई सांगे, बाकीच्या बाया भोवती जमत. आपल्या भाषेत त्यांचं कडाक्याचं भांडण होई, की अमकं तुळशीएवढं झाड घराच्या आधी लागायचं की नंतर. गुरुजी पेन्सिल धरून थांबत. निकाल लागला की विचारत, "याले तुमच्यात काय म्हंतात?" आणि तो शब्द लिहून घेत. त्यांनी पहिल्या दिवशी फुलाबाईचं दार माणूसभर उंचीचं काढलं होतं.

"बुटकं होतं," ती म्हणाली.

त्यांनी खोडून लहान केलं.

"अजून."

पुन्हा खोडलं.

"अजून बुटकं. बल्ल्या तेवढ्याच भेटल्या होत्या त्याले. वाकून यावं लागे, कोणी असो." मग जरा थांबून म्हणाली, "पाटील आला असता तं तो बी वाकून आला असता. आला नाई ते गोष्ट येगळी."

गुरुजींनी तिसऱ्यांदा खोडलं. कागदाला त्या जागी भोक पडायचं राहिलं होतं. तो कागद आता माझ्याकडे आहे.

नकाशे एकेक करून पुण्याला येत गेले. स्टुडिओतल्या लोकांना न सांगता, सुट्टीच्या दिवशी बसून मी टोला उभा करत गेले. इतर आळ्यांना लागला होता त्याच्या दुप्पट वेळ मला लागला. भिंतीवरचा फुलाबाईचा लिंपणाचा हात, बोटांच्या अर्धगोल रेघा, ते काही केल्या जमेना. शेवटी तिनं सारवलेल्या नव्या भिंतीचा फोटो मागवला आणि त्यावरून केलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी काम पुरं झालं. मी चष्मा घेऊन आले.

सगळा टोला अंगणात होता. फुलाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. मी चष्मा तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला, वजन पाहिलं आणि गुरुजींपुढे धरला.

"पह्यले तुम्ही."

"नाई नाई, बाई. घर तुमचं हाय. इतके दिवस तुम्ही वाट पाह्यली."

"मी तं राह्यली त्यात. तुम्हीच नाई पाह्यलं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून खिशात घातली. मी चष्म्याचा पट्टा त्यांच्या डोक्यामागे आवळला आणि संगणकाच्या पडद्यावर पाहू लागले. त्यांना दिसेल ते मला तिथे दिसत होतं. नाला दिसला. त्यांनी तो ओलांडला. टोल्याची पहिली घरं आली, मोहाचं झाड आलं. गुरुजी अंगणात एकेक पाऊल टाकत होते, हात पुढे धरून. या वेळी त्यांनी एकही चूक काढली नाही. डावीकडे वळले. समोर उगवतीकडचं दार आलं, बुटकं, आणि ते थांबले.

चष्म्यातल्या भिंती म्हणजे हवा. माणूस ताठ चालत गेला तरी आरपार जातो, डोकं कशाला लागत नाही. हे गुरुजींना माझ्याइतकंच माहीत होतं, मागे याच चष्म्यात ते देवळाच्या भिंतीतून आरपार गेले होते. तरी त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तो सुजलेला गुडघा धरून, भर अंगणात, इतक्या माणसांदेखत, ते हळूहळू खाली झाले. कंबरेत पार वाकले. एक हात वर उचलून चौकटीची बल्ली चाचपू लागले. अंगणात कुणी हसलं नाही.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

फुलाबाई पदर खोचून पुढे झाली.

"या, गुरुजी," ती म्हणाली. "डोकं सांभाळजा."